मानमोडीच्या घरगुती आठवणी नोंदवताना: खान्देशातील कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

1918 सालच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीतून वाचलेल्या माणसांच्या गोष्टी खान्देशातल्या पुष्कळ घरांत आजही सांगितल्या जातात, आणि त्या लिहून ठेवण्याची इच्छा असलेली तरुण मंडळीही आता बरीच आहेत. परंतु माझ्याकडे पाहण्यासाठी येणाऱ्या दहा टिपणांपैकी सात-आठ टिपणांमध्ये त्याच त्या चुका आढळतात. प्लेगची हकिकत मानमोडीच्या नावावर चढलेली असते, दोन वेगवेगळे पूर्वज एकत्र झालेले असतात, आणि आजीचे बोलणे इतके शुद्ध मराठीत घोटलेले असते की त्यातले आजीचे काय आणि नातवाचे काय हे कळेनासे होते. या सगळ्या चुका क्रम उलटा धरल्यामुळे होतात. पुढे दिलेल्या क्रमाने काम केल्यास त्या टळतात.

टप्पा 1: विचारायला जाण्यापूर्वी कालपट तयार करावा

एका मोठ्या कागदावर 1895 ते 1925 ही वर्षे एकाखाली एक लिहावीत आणि घरातल्या ज्या घटनांचे वर्ष निश्चित माहीत आहे, तेवढ्याच त्यांत भराव्यात. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख, खरेदीखताची तारीख, विहिरीच्या दगडावर किंवा घराच्या तुळईवर कोरलेला शक, यांचा येथे उपयोग होतो.

त्यानंतर 1918 सालाचे घर भरावे. मुंबईत साथीची पहिली लाट जूनमध्ये आली व ती तुलनेने सौम्य होती. दुसरी, मारक लाट सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि 6 ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने ती आत पसरली, आणि भुसावळसारखे जंक्शन, धुळे-चाळीसगाव फाटा व सुरतेकडची तापीकाठची लाईन असलेल्या आपल्या भागाला ती पोहोचायला वेळ लागण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महागले होते. म्हणून आजीच्या बोलण्यात ‘घरात दाणा नव्हता’ आणि ‘घरात उभे राहणारे कोणी नव्हते’ ही दोन वाक्ये एकापाठोपाठ आली, तर ती स्मरणाची गल्लत समजून वेगळी करू नयेत.

इंग्रजी महिना कोणी सांगणार नाही, सण सांगतील. त्यासाठी त्या वर्षीचा मेळ कालपटावर आधीच लिहून ठेवावा. 1918 साली भाद्रपदातला पितृपक्ष 21 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपला, घटस्थापना 5 ऑक्टोबरच्या सुमारास, दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर आणि दिवाळी नोव्हेंबरच्या अगदी सुरुवातीला आली. शक 1840 चालू होता. ज्या घरांत व्यापाराच्या जुन्या वह्या आहेत, त्यांनी संवत पाहावा: दिवाळीपर्यंत 1974 आणि दिवाळीपासून 1975. एकाच साथीत गेलेल्या दोन भावांच्या नावापुढे वहीत दोन वेगळे संवत दिसल्याने गोंधळून गेलेले एक कुटुंब मला माहीत आहे; प्रत्यक्षात दोन मृत्यूंमध्ये दोन आठवड्यांचे अंतर होते.

*तपासा:* कालपटावरील प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून मिळाली हे लिहिले आहे काय? नसेल, तर ती नोंद पेन्सिलीने लिहावी.

टप्पा 2: नावांचा गुंता आधी सोडवावा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढे पस्तावतात. आपल्याकडे घरातल्या माणसाला नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. जिभाऊ, आप्पा, नाना, तात्या, भाऊ, आबा ही नावे घरातल्या स्थानावरून पडत आणि पुढच्या पिढीत तीच नावे पुन्हा दुसऱ्यांना लागत. त्यामुळे ‘नाना मानमोडीत गेले’ असे आजी म्हणते, तेव्हा ते तिचे सासरे, चुलतसासरे की आजेसासरे, हे तिला पक्के ठाऊक असते आणि ऐकणाऱ्याला मुळीच ठाऊक नसते.

माझ्या पहिल्या टिपणात मी आमच्या घरातले दोन नाना एकच समजलो आणि एका धडधाकट माणसाला त्याच्या मृत्यूच्या वीस वर्षे आधीच मारून टाकले. त्यांच्या 1930 सालच्या एका खरेदीखतावर अंगठा दिसला, तेव्हा चूक ध्यानात आली.

म्हणून वंशावळीच्या कागदावर प्रत्येक व्यक्तीपुढे तीन रकाने ठेवावेत: कागदोपत्री नाव, हाकेचे नाव आणि हे हाकेचे नाव कोण वापरीत असे. स्त्रियांसाठी माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव हेही लिहावे, कारण लग्नात नाव बदललेल्या बाईची नोंद दोन गावांत दोन नावांनी सापडू शकते.

टप्पा 3: कोणाला विचारायचे हे ठरवावे

ती साथ प्रत्यक्ष पाहिलेले कोणी आता बोलायला उरलेले नाही. आपल्याला मिळणार आहे ती ऐकीव हकिकत, आणि ऐकीव हकिकतीत सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे ती कोणाकडून कोणाकडे आली ती साखळी. साधारण 1940च्या आसपास जन्मलेल्या आजीने ही गोष्ट सासूकडून ऐकलेली असेल आणि सासू त्या साथीत दहा-बारा वर्षांची असेल, तर ही साखळी भक्कम आहे. मधे तीन माणसे असतील, तर प्रत्येकाचे नाव लिहावे.

घरातला कर्ता पुरुष बहुधा शेत, वाटणी आणि कोर्टकज्जे सांगतो. कोण कोणाला पाणी देत होते, कोणाचे लेकरू कोणाच्या अंगावर पाजले, आणि कोणती सून तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून चुलीपुढे बसली, हे चुलीजवळच्या बायका सांगतात. थोरल्या सुना आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी यांना वेगवेगळे विचारावे. लेकींना गाठण्यासाठी आखाजीसारखा (अक्षय्य तृतीयेसारखा) दुसरा मोका नाही: त्या माहेरी आलेल्या असतात, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते व आगारी, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर घास, टाकली जाते. आगारी टाकताना कोणाकोणाची नावे घेतली जातात, ती मागे बसून मुकाट्याने लिहून घ्यावीत. एरवी कोणाच्याही तोंडी नसलेले एखादे नाव तेथे हमखास निघते.

*इशारा:* पहिल्याच वाक्यात सांगावे की या चौकशीचा वाटणीशी, हिश्शाशी किंवा सातबाऱ्याशी काहीही संबंध नाही. जुन्या वारसांची नावे विचारणारा नातू दिसला की भाऊबंदांच्या मनात आधी जमीन येते, आणि एकदा ती शंका शिरली की पुढची सगळी उत्तरे तोलूनमापून मिळतात.

टप्पा 4: मुलाखत

दुपारी जेवणे आटोपल्यावर, घर शांत असताना बसावे. पंखा बंद करावा, फोन फ्लाइट मोडवर ठेवून आवाजाची नोंद सुरू करावी, आणि दोन मिनिटांनी थांबवून ती ऐकून पाहावी. पंख्याच्या घरघरीत गेलेला पाऊण तास मी स्वतः गमावला आहे आणि तो पुन्हा मिळाला नाही, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावर आजीने तीच गोष्ट निम्म्यात उरकली.

सुरुवात ‘मानमोडी’ या शब्दाने करू नये. आपण नाव सुचवले की सांगणारी व्यक्ती आपल्याला हवी ती साथ सांगू लागते. त्याऐवजी ‘तुमच्या सासूबाईंच्या लहानपणी गावात पुष्कळ माणसे एकदम गेली, असे त्या काही सांगत का?’ एवढेच विचारावे आणि त्या कोणते नाव घेतात ते पाहावे. पहिली हकिकत मध्ये न तोडता पूर्ण होऊ द्यावी. तपशिलाचे प्रश्न त्यानंतर, आणि तेही या क्रमाने: कोण आजारी पडले, कशाने सुरुवात झाली, किती दिवस चालले, घरात उभे कोण होते, माती कोणी दिली, नंतर लेकरांना कोणी सांभाळले. मृत्यूविषयीचा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात नको.

अहिराणी बोलणाऱ्या आजीशी अहिराणीतच बोलावे. यावल-रावेर पट्ट्यात लेवा बोली असेल तर तीत. आपल्याला बोली येत नसेल, तर बोली येणारी आत्या किंवा काकू शेजारी बसवावी. एका आजीने मला सांगितलेले वाक्य असे होते: ‘मानमोडी उनी तवय पानी देवाले बी कोन्ही नव्हतं घरमा.’ त्याचे मी घाईघाईने ‘सर्व कुटुंब आजारी होते’ असे केले होते. वाक्य चुकीचे नाही, परंतु मूळ बोलण्यात पाणी होते आणि पुढचे सगळे त्या पाण्यावरूनच उलगडले: आठ वर्षांची मुलगी, अंगणातला रांजण, तिच्या हाताला न पेलणारा तांब्या, म्हणून तिने वाटीवाटीने पाच माणसांच्या तोंडात पाणी घातले, आणि त्या पाचांपैकी तिघे वाचले. ती मुलगी म्हणजे या आजीची सासू.

*इशारा:* कोणी प्रेत टाकून गेले, कोणी दार उघडले नाही, विधवा झालेल्या सुनेचा पाट (पुनर्विवाह) कोणाशी लागला, अशा गोष्टी निघतात. त्या नोंदवाव्यात, परंतु घराबाहेर कोणास दाखवायच्या की नाही हे सांगणाऱ्या व्यक्तीलाच विचारावे आणि तिचे उत्तरही नोंदीत ठेवावे.

टप्पा 5: जसेच्या तसे उतरवणे

त्याच आठवड्यात उतरवून काढावे. डाव्या पानावर बोललेले जसेच्या तसे, उजव्या पानावर आपली टिपणे. दोन्ही एकत्र करू नयेत. अडखळणे, ‘असं म्हणत’, ‘मला काय ठाऊक’ हे शब्दही ठेवावेत, कारण सांगणाऱ्याची खात्री किती आहे हे त्यांवरूनच कळते.

टप्पा 6: ही साथ नक्की कोणती, हे ठरवणे

सर्वांत जास्त चुका येथे होतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘साथ’, ‘मरी’, ‘रोगराई’ हे शब्द सैल वापरले जातात आणि 1896 नंतरच्या पाव शतकात प्लेग, पटकी (कॉलरा), देवी आणि मानमोडी यांनी गावांना आलटून पालटून गाठले. तेव्हा सांगितलेल्या नावावर न जाता सांगितलेल्या खुणांवर जावे.

उंदीर पडले, जांघेत किंवा काखेत गाठ आली, गाव ओस पडून लोक शेतात झोपड्या करून राहिले, या खुणा प्लेगच्या आहेत. प्लेग एकाच गावात काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येई, म्हणून ‘दोनतीनदा गाव सोडावे लागले’ असे कोणी सांगितले तर ते मानमोडीचे असू शकत नाही. उलट्या-जुलाब होऊन माणूस काही तासांत किंवा दिवसभरात गेला, तर ती पटकी. अंगावर फोड व नंतर वण, तर देवी.

मानमोडीत अचानक ताप चढे, डोके, पाठ व मान मोडून येई, खोकला लागे, काहींच्या नाकातून रक्त वाहे, आणि आजार छातीत उतरला की तोंड काळेनिळे पडून माणूस काही दिवसांत जाई. परंतु लक्षणांपेक्षाही खात्रीच्या खुणा दोन आहेत. पहिली, घरातली बहुतेक सगळी माणसे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळणे. दुसरी, म्हातारे व थोडी मोठी पोरे वाचून वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे जाणे. आजोबा-आजी आणि नातवंडे उरली आणि मधली पिढी गेली, अशी वंशावळ दिसली, तर 1918 सालाकडे लगेच पाहावे.

गरोदर बायकांना ही साथ विशेष घातक ठरली. त्यामुळे ‘बाळंतपणात गेली’ एवढीच आठवण उरलेली पणजी प्रत्यक्षात मानमोडीत गेलेली असू शकते. तिच्या मृत्यूचा महिना नवरात्र ते दिवाळी यांच्यामध्ये पडतो का, आणि त्याच पंधरवड्यात त्या घरात किंवा शेजारी आणखी कोणी गेले का, हे विचारावे. काही घरांत दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा टाक (धातूची छोटी प्रतिमा) गळ्यात घालत असे. तसा टाक घरात असेल तर पणजोबांचे दुसरे लग्न केव्हा झाले हा प्रश्न त्यामागोमाग येतो, आणि ते 1919-20 मध्ये झालेले असणे हा पुरावा नसला तरी चांगला धागा आहे.

श्राद्धाची तिथी हा मात्र भक्कम आधार आहे, कारण माणसे साल विसरतात पण पान कोणत्या तिथीला वाढायचे ते विसरत नाहीत. वर्षश्राद्धाचा महिना, पक्ष व तिथी मिळाली, तर ती 1918च्या मेळाशी ताडून पाहावी: आश्विन शुद्ध म्हणजे ढोबळमानाने 5 ते 19 ऑक्टोबर, आश्विन वद्य म्हणजे तेथून 3 नोव्हेंबरच्या सुमारापर्यंत. फक्त पितृपक्षातले पान माहीत असेल तर त्यावरून तिथी कळते, महिना कळत नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचे पान अविधवा नवमीला वाढतात, तेव्हा त्या पानावरून तिच्या मृत्यूची तिथी काढू नये. ती चूक मी जाणत्या माणसांनाही करताना पाहिले आहे. ती नवरा हयात असताना गेली, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

*तपासा:* निष्कर्षापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘ठरवता येत नाही’ यांपैकी एक शब्द लिहिला आहे काय?

टप्पा 7: कागद शोधणे

आठवण हाती असल्याशिवाय दप्तरात जाऊ नये, कारण गाव, नाव आणि अंदाजे महिना सांगता आल्याशिवाय तेथे काही सापडत नाही.

प्रथम गावाचा जुना तालुका व जिल्हा ठरवावा. खान्देश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. 1918 साली आजचा जळगाव म्हणजे पूर्व खान्देश, आणि धुळे व नंदुरबार मिळून पश्चिम खान्देश होता. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला. धरणगाव व बोदवड हे तालुके नंतरचे आहेत आणि मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून आहे. मालेगाव-बागलाणकडच्या कुटुंबांनी मात्र नाशिक जिल्ह्यातच पाहावे, बोली अहिराणी असली तरी.

त्यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14 किंवा बोलीभाषेत कोतवाल बुक, पाहण्यासाठी अर्ज करावा. अर्जात गाव, जुना तालुका आणि ‘सप्टेंबर ते डिसेंबर 1918’ असा कालावधी लिहावा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे अशी पुष्कळ दप्तरे तपासली गेली व काहींच्या प्रती संगणकावर आल्या, म्हणून मूळ वही मागण्यापूर्वी तिची प्रत आहे का ते विचारावे. नोंद मोडी लिपीत असेल तर अंदाजाने वाचू नये. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे.

येथे दोन ठिकाणी लोक फसतात. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘इन्फ्लुएन्झा’ किंवा ‘मानमोडी’ शोधत बसतात आणि न सापडल्यावर आजीला खोटे ठरवतात. खेड्यांतल्या वह्यांत हे मृत्यू बहुतेक ‘ताप’ या एकाच शब्दाखाली गेले आहेत. म्हणून कारण वाचण्यापेक्षा पाने मोजावीत: एरवी महिन्याला चारपाच मृत्यू असणाऱ्या गावात ऑक्टोबर 1918 मध्ये तापाच्या ओळींनी पानामागून पान भरले असेल, तर वेगळ्या शब्दाची गरज उरत नाही. दुसरे, नाव न सापडल्यास मृत्यू झालाच नाही असे समजतात. त्या दिवसांत नोंदणारा पाटील किंवा कोतवालही आजारी असे, आणि ओळी राहून जात.

वही मिळाली नाही, तर वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरातली वारस लागल्याची नोंद, पाहावा. तो मृत्यूनंतर वर्ष-दोन वर्षांनीही झालेला असतो, तेव्हा फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख मानू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 1919 नंतर दाखल झालेल्या मुलापुढे पालक म्हणून बापाऐवजी मामा किंवा चुलता असेल, तर ते पोरके झाल्याची खूण असू शकते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीत घराण्याची नोंद मिळते, परंतु त्या दिवसांत कोणी लगेच नाशिकला जाऊ शकले असेल असे धरू नये. नोंद पुढच्या एखाद्या यात्रेची असते. जुने खासगी कागद, पत्रे किंवा वह्या घरात निघाल्यास धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करावी. रद्दीत किंवा तापीत सोडू नयेत.

टप्पा 8: जुळवणी, वाचून दाखवणे आणि जपणे

अंतिम टिपणात प्रत्येक घटनेखाली तीन ओळी असाव्यात: आठवण काय सांगते व ती कोणाकडून आली, कागद काय सांगतो, आणि दोन्ही जुळतात का. जुळत नसतील तर दोन्ही तसेच ठेवावे. कागदाप्रमाणे आठवण दुरुस्त करण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि त्यात वाटीने पाणी पाजणारी मुलगी हमखास गळते, कारण तिचा उल्लेख कोणत्याच नोंदवहीत नसतो.

ध्वनिमुद्रणाच्या फाइलला सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख असे नाव द्यावे. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. उतरवलेले टिपण कागदावर छापूनही ठेवावे; फोन बदलताना गेलेल्या मुलाखती मी पाहिल्या आहेत.

सगळे झाल्यावर टिपण सांगणाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्या वेळीही आवाजाची नोंद चालू ठेवावी. वर सांगितलेल्या आजीने माझे टिपण शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या की तांब्या नव्हे, तांब्या तर सावकाराकडे होता. रांजणावर पितळेचे वाटके असायचे, ते. मी कालपटावर 1918च्या घरात, पावसाच्या नोंदीखाली, पेन्सिलीने ‘तांब्या गहाण’ असे लिहिले.